दौंडच्या पुढे

इंदापूर,
११ फेब्रुवारी १९३५

दादा,
सरूचा नमस्कार. छबूवहिनींनाही सांगा.

बारामती स्टेशनाच्या तिकीट-खिडकीवर तुम्हाला मान वर करायला सवड नसते हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र घरी नेऊन शांतपणे वाचा.

डाळजचा गेणू माळी काल बाजाराला आला होता. वांग्याची पाटी विकायची सोडून आधी माझ्या खोलीवर आला. त्याची रतन आत्याकडे राहून चौथीपर्यंत माझ्याच शाळेत शिकली. आईवेगळी पोर, पण हुशार. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. जावई जयवंता नावाचा. कळंबच्या नव्या साखर कारखान्यावर मुकादम आहे असं त्याने सांगितलं होतं.

"बाई, रतनचं कार्ड आलंय. वाचून दावा की," असं म्हणत गेणूने फडक्यात बांधलेलं कार्ड सोडलं. मी वाचलं. 'मी सुखात आहे. घर मोठे आहे. कळंबला पाणी पुष्कळ. काळजी करू नये. भेटावयास येऊ नये, सासरी आवडत नाही.' गेणूने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाला, "भेटाया येऊ नगं म्हनती. हितनं कळंब लई लांब हाय का वो?"

अक्षर रतनचंच आहे, शब्द तिचे नाहीत. मी कार्ड उलटं केलं तर शिक्का खंडव्याचा! दादा, कळंबहून टाकलेलं कार्ड खंडव्याला कशाला जाईल? गेणूला मी काही बोलले नाही. त्याचा चेहरा बघून धीर झाला नाही.

लग्नानंतर वऱ्हाड बैलगाडीने कळंबला गेलं असंच तो धरून चालला आहे. पण मी गाडीवानाकडे चौकशी केली. त्याने त्यांना गुरुवारी, २० डिसेंबरला, बारामती स्टेशनावर सोडलं. नवरा तिशीचा, उजव्या भुवईवर जखमेची खूण. रतन पंधरा-सोळाची, सावळी, उंच. तुम्हाला काही आठवतं का?

तुमची
सरू

•

बारामती,
१५ फेब्रुवारी १९३५

चि. सरू,
तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक आहोत.

गुरुवार म्हणजे बारामतीचा बाजार. त्या दिवशी खिडकीपुढे डोकी दिसतात, माणसं दिसत नाहीत. कोण आलं, कोण गेलं, हे दोन महिन्यांनी कसं सांगू? मुकादमाचं काम फिरतीचं असतं. मजूर आणायला खंडव्याकडे गेला असेल, बायकोला बरोबर नेलं असेल. तू लगेच भलतं मनात आणू नकोस. तरुण वयात कपाळ पांढरं झाल्यापासून तू शाळेतल्या मुलींना पोटच्या पोरींसारखं मानतेस, ते चांगलंच आहे. पण लग्न झालेल्या मुलीच्या संसारात परक्याने किती डोकवावं याला काही सीमा असते. आणि जाताना जिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, ती पोर दुःखात असेल असं मला तरी वाटत नाही.

छबूची तब्येत आता बरी आहे. तिचा थोरला भाऊ महिपती परवा येऊन गेला. त्याचा बैलांचा व्यापार हल्ली खानदेशापर्यंत पसरला आहे. बहिणीला महेश्वरी लुगडं आणलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस इकडे ये.

मोहन

•

इंदापूर,
२४ फेब्रुवारी १९३५

दादा,
नमस्कार.

शनिवारी मी गेणूला घेऊन कळंबला गेले. कारखान्यावरच्या कारकुनाने आमचं सगळं ऐकून घेतलं, चार मुकादमांना बोलावून विचारलं. जयवंता नावाचा कुणी तिथे नाही आणि कधी नव्हता. परतताना गाडीतून इंदापूर दिसायला लागलं तेव्हा गेणू म्हणाला, "म्हंजी माजी पोर हाय तरी कुठं?" त्या वेळी मी त्याला खंडव्याचं सांगितलं.

आणखी ऐका. पळसदेवची नकोशी नावाची मुलगीही त्याच आठवड्यात अशीच 'लांबच्या स्थळाला' दिली. पाच मुलींवरची सहावी, म्हणून नाव नकोशी. तिच्या बापाला मी भेटले. तो म्हणाला, "गेली ती गेली, बाई. फुकाट उजवली." दोन्ही स्थळं आणणारी बाई एकच. कुशाबाई. गावोगाव खण-लुगडी विकत हिंडते.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. डाळजहून भिगवण स्टेशन तीन कोसांवर, बारामती दहा कोस. मग नवी नवरी घेऊन दहा कोस उलटं कशाला जायचं? भिगवणला रतनला ओळखणारे शंभर लोक भेटले असते हे एक. पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. बारामती स्टेशनावर त्यांचं कुणीतरी आहे, काही न विचारता गाडीत बसवून देणारं. हमाल असेल, फाटकावरचा माणूस असेल. तुम्ही लक्ष ठेवा.

आणि दादा, रागावू नका. रतन जाताना रडली नाही हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. तुम्ही तिला पाहिलं आहे. मग आठवत नाही असं का भासवलंत?

सरू

•

बारामती,
१२ मार्च १९३५

सरू,
उत्तराला उशीर झाला. तीन वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला.

हो, मी तिला पाहिलं. दोन नवऱ्या होत्या, सोबत तीन पुरुष आणि एक बाई. वऱ्हाड म्हणावं तर मुलींच्या घरचं कुणी नाही, करवली नाही, पाठवणीला आलेलं कुणी नाही. हे मला तेव्हाच दिसलं होतं. गाडीला वीस मिनिटं अवकाश होता. तुझी रतन बाकावरून उठली आणि सरळ माझ्या खिडकीशी आली. हातात तिचं तिकीट होतं.

"मास्तर, ह्याच्यावर काय लिवलंय? मला वाचता येतं, पण ही अक्षरं येगळी हायती."

तिकिटावर इंग्रजीत मनमाड छापलेलं होतं. मी ते पाहिलंही.

ती पुढे म्हणाली, "दौंडच्या पुढं कुठं नेत्यात आमास्नी?"

मागे रांग होती. भुवईवर खूण असलेला माणूस तिच्याकडे येत होता. मी तिला म्हणालो, "नवऱ्याला विचार." तिकीट परत केलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मुकाट्याने गेली. रडली नाही. एवढंच.

सरू, एक शब्द उच्चारायचा होता. मनमाड. तेवढाही माझ्या तोंडून निघाला नाही.

तिकिटं कुणी काढली ते आठवत नाही, कुणी परका होता. तू इतक्यात फौजदारांकडे जाऊ नकोस. कुशाबाईचा माग मी इकडून काढतो. थोडे दिवस दे.

मोहन

•

इंदापूर,
२० मार्च १९३५

दादा,
तुम्ही माग काढायच्या आतच कुशाबाई मला सापडली. रविवारी बाजारात खणांचं गाठोडं सोडून बसली होती. मी एक खण घेतला आणि सहज म्हणाले, की माझ्या नणंदेची मुलगी माझ्या गळ्यात पडली आहे, कुठे स्थळ असलं तर बघा.

"आईबाप?"

"दोघंही नाहीत."

"मग तर ब्येस झालं. मागं रडाया कुनी न्हाय." तिने मला जवळ सरकायला सांगितलं. "हुंडा नगं, खर्च नगं. सारं आमचा मालक बगतो. तिकडं खंडव्याकडं, निमाडात बायका कमी हायती. पोरगी खाऊन-पिऊन सुखी ऱ्हाती."

मी म्हणाले, "एवढ्या लांब न्यायचं, वाटेत कुणी अडवलं तर?"

ती हसली. "बारामतीला कोन अडवतंय? मालकाचं दाजीच हायती तितं तिकिटं द्याया."

दादा, बारामतीच्या खिडकीवर तिकिटं देणारे दोघं. त्यातले जोशी अविवाहित आहेत, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. मी तिला मालकाचं नाव विचारलं नाही. विचारण्याची गरज उरली नव्हती. हमालावर संशय घ्यायला मीच तुम्हाला सांगत होते, आणि तुम्ही ते वाचत होतात!

तुम्ही पैशाला शिवला नसाल, याची मला खात्री आहे. म्हणूनच तर तुमची खिडकी त्यांना सोयीची पडली.

माझ्या शिक्षणाला घरचे सगळे आडवे आले तेव्हा तुम्ही एकटे माझ्या बाजूने बोलला होता. ते मी विसरलेले नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत मी थांबते. त्या दिवशी गेणूला घेऊन फौजदारांपुढे उभी राहीन आणि तुमचं नाव गाळणार नाही. त्याआधी तुम्ही स्वतः गेलात तर मला तोंडाने ते नाव घ्यावं लागणार नाही.

सरू

•

बारामती,
३० मार्च १९३५

सरू,
झालं. क्रमाने लिहितो.

तुझं पत्र मी छबूला वाचून दाखवलं. महिपती तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं, त्यानेच तिचं लग्न करून दिलं. बुधवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा जेवायला आला. पाटावर बसता बसता म्हणाला, "दाजी, उद्या मनमाडची पाच तिकिटं लागतील."

छबू वाढत होती. ती म्हणाली, "भाऊ, तू ज्या पोरी नेतोस, त्यास्नी माघारी माहेरला कोन आनतं?"

"कुनी मागितल्यात माघारी?" तो हसून म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. "हितं बापाच्या दारात उपाशी मरत्यात त्या. तितं त्यास्नी घर मिळतंय. मी वाईट काय केलं?"

"मग त्यास्नी सांगून का न्हाय नेत?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. छबूने भाकरीची टोपली उचलून आत नेली आणि त्याला पुन्हा वाढलं नाही. तो ताटावरून उठून गेला. मग ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "फौजदाराकडं सकाळच्याला जावा. मी आडवी येत न्हाय. पन मला तितं नेऊ नगा."

गुरुवारी उजाडताच मी गेलो. फौजदारांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आजवर अशी तिकिटं किती वेळा दिलीत?" मी म्हणालो, चार वेळा. "चौथ्या वेळी तरी मनात शंका आली होती का?" मी म्हणालो, दुसऱ्याच वेळी आली होती. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली मी सही केली.

मग मी कामावर येऊन बसलो. दहाच्या सुमाराला महिपती खिडकीशी आला. रात्रीचं काही झालंच नाही असा. मी पाच तिकिटं दिली. त्याच्यामागे रांगेत साध्या कपड्यातले दोन शिपाई उभे होते. ठरल्याप्रमाणे मी गप्प बसायचं होतं, पुढचं त्यांनी बघायचं होतं. मला ते जमलं नाही. मी खिडकी लावली. लोक ओरडायला लागले. मी बाहेर फलाटावर गेलो. बाकावर हिरव्या लुगड्यात एक पोर बसली होती, तेरा-चौदाची. मी तिच्यापुढे खाली बसलो.

"पोरी, नाव काय तुझं?"

"भीमा."

"भीमा, ही माणसं तुला मनमाडच्याही पुढे, खंडव्याकडे नेतायत. हे तुला कुणी सांगितलं होतं?"

तिने मान हलवली. "सासर कुर्डुवाडीला हाय म्हनलं व्हतं."

महिपती माझा हात धरून हळूच म्हणाला, "दाजी, घरातलं घरात बगू की." तेवढ्यात शिपायांनी त्याला धरलं. भुवईवर खूण असलेला तो जयवंता रुळांवरून पळाला, पण गुळाच्या ढेपा भरणाऱ्या हमालांनीच त्याला अडवला. कुशाबाई काल इंदापुरात सापडली. भीमाचा चुलता येऊन तिला घेऊन गेला.

मला कामावरून तूर्त दूर केलं आहे. लोक दारावरून जाताना थांबतात आणि आत बघून पुढे जातात. छबू भांडी घासते, पाणी भरते, रडत नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

महिपतीने फौजदारांना रतन आणि नकोशीचे पत्ते सांगितले आहेत. बाकीच्या मुलींचे ते काढून घेत आहेत.

मोहन

•

खंडवा,
२४ एप्रिल १९३५

दादा,
रतन सापडली. माझ्या शेजारी, धर्मशाळेच्या ओट्यावर निजली आहे.

मी, गेणू, आपल्याकडचा एक शिपाई आणि इथले दोघे, असे परवा बैलगाडीने त्या गावी पोचलो. कापसाच्या शेतकऱ्याचं मोठं घर. त्याची पहिली बायको आहे, तिला मूल नाही. आम्ही अंगणात उभे असताना रतन शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून आली. बापाला बघून थबकली. मला वाटलं धावत येईल. ती आली नाही. पाटी डोक्यावर तशीच ठेवून तिने विचारलं, "आबा, तुमी माजं दीडशे रुपय घेतलं?"

गेणू दोन पावलं तिच्याकडे गेला.

"ह्यास्नी तसं सांगितलंय. रोज ऐकवत्यात. तुज्या बापानंच इकली म्हनून. खरं हाय का?"

"न्हाय गं पोरी," गेणू म्हणाला. "लग्नाचा खर्च त्यांनी केला, म्हनून मी हात जोडलं. पैका न्हाय घेतला. पन कुनाला काय इचारलं बी न्हाय."

"का न्हाय इचारलं?"

गेणूने पागोटं काढून हातात घेतलं आणि तो मातीत बसला. रतनने पाटी उतरवली, हात धुतले, आत जाऊन आपलं लग्नातलं लुगडं घेऊन आली आणि गाडीत जाऊन बसली. गाव मागे पडल्यावर तिने आपल्या पदराचा अर्धा भाग त्याच्या उघड्या डोक्यावर धरला. ऊन फार होतं.

ते कार्ड त्या लोकांनीच सांगून तिच्याकडून लिहवून घेतलं होतं. जयवंता ते घेऊन येणार आणि इंदापुरात टाकणार, म्हणजे शिक्का आपल्याकडचाच पडेल, असं ठरलं होतं. तो निघायच्या आदल्या दिवशीच रतनने ते त्या थोरल्या बायकोच्या हाती दिलं. तिने बाजाराला गेल्यावर ते खंडव्याच्या पेटीत टाकलं आणि नवऱ्याला सांगितलं की कार्ड चुलीत पडलं. "ती वाईट न्हवती, बाई," रतन म्हणाली. "तिला मी नकोच व्हते. म्हनून तर वाचले."

आता नकोशीचं. ती तिथून दोन कोसांवर आहे. काल तिला भेटले. तिला दिवस गेले आहेत. नवरा चाळिशीचा, पायाने अधू. मी तिला म्हणाले, चल, पोलीस बरोबर आहेत, तुला कुणी अडवू शकत नाही. तिने ओसरीवरून आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं.

"बाई, माज्या घरचं कोन आलंय?"

मी काय सांगणार? तिच्या बापाला आणायला मी दोनदा गेले होते. तो आला नाही. मी म्हणाले, मी आले आहे ना.

"तुमी रतनच्या बाई. माज्या न्हवं," असं म्हणून ती आत गेली. दार लोटून घेतलं. शिपाई म्हणाला, तिची मर्जी नसेल तर आपण काय करणार. कागदावर अंगठा घेऊन आम्ही परत आलो. ती तिची मर्जी होती का, दादा? मला अजून ठरवता येत नाही.

परवा निघतो. तोवर पत्र पोचेलच.

सरू

•

बारामती,
६ मे १९३५

सरू,
तू आणि रतन सुखरूप परतलात हे कळलं. गेणू तिला डाळजला न नेता तुझ्याजवळच ठेवतो आहे हे बरं केलं. गावाच्या तोंडाला झाकण घालता येत नाही.

महिपतीचा खटला पुढच्या महिन्यात पुण्यात उभा राहील. माझी साक्ष होईल. नोकरी जाणार हे आता नक्की झालं आहे. वरच्या साहेबांनी बोलावून नीट समजावून सांगितलं, अपमान केला नाही. त्यांचं काही चुकलंही नाही. सिद्धू वाण्याच्या अडतीवर काम मिळेल असं वाटतं.

तुझं खंडव्याचं पत्र मी छबूला वाचून दाखवलं. शेवटी जिथे नकोशी विचारते, तिथे तिने मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग उठून कामाला लागली. चार दिवस गेले. काल सकाळी बघतो तर तिने गाठोडं बांधलेलं. त्यात दोन झबली, कुंची, सुंठ-डिंकाची पुडी, चोळीचा खण. महिपतीने आणलेलं महेश्वरी लुगडं तिने बोहारणीला देऊन टाकलं होतं.

मी विचारलं, "हे कुणासाठी?"

"मी निमाडात जाते," ती म्हणाली. "माज्या भावानं तिला तितं नेऊन टाकली. तिच्या घरचं कोन आलंय म्हनती ना ती? मग मी जाते."

मी तिला समजावलं, की तू तिची कुणी नाहीस, तुझं नाव ऐकून ती तोंडसुद्धा बघणार नाही. कदाचित अंगावर धावून येईल.

"येऊ द्या. तिला राग काढाया तरी कुनीतरी पायजे की."

"आणि ती परत यायला तयारच झाली नाही तर?"

छबू गाठोड्याची गाठ घट्ट करत होती. तिने वर पाहिलं नाही. "न्हाय आली तर चार दिस तितंच ऱ्हाईन. दारात बसीन. तिला दिस गेलं तवा माहेरहून कुनीतरी आलंवतं, एवढं तरी त्या गावाला दिसू दे."

आज सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतो आहोत. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा आम्ही मनमाडच्या पलीकडे असू. त्या गावचं नाव आणि वाट तू एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खंडव्याच्या धर्मशाळेच्या पत्त्यावर पाठव. तिथे आम्ही थांबू.

तुझा
मोहनदादा